एफवायचं फिजिक्स प्रॅक्टिकल: 'जी' १०.८ आला म्हणून विषय सोडायचा नसतो

तुझा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एफवायबीएस्सीला फिजिक्स मेजर घेतलंय, दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी इंटिग्रेटेडला (म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र) झाली त्यामुळे लॅब जवळपास बघितलीच नाही, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला सिंपल पेंडुलमवरून (दोऱ्याला टांगलेला गोळा, म्हणजे लंबक) 'जी'ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत काढायची होती ती ९.८ च्या आसपास यायच्या ऐवजी १०.८ आली. मॅडमनी जर्नल परत केलं. बॅचमधले म्हणतात रीडिंग ॲडजस्ट कर आणि ९.८ लिहून सही घे. तू विचारतेस की असं केलं तर चालतं का, आणि मुळात हे आपल्याला जमणार आहे का की मेजर बदलून घ्यावा.

मी तीसेक वर्षं एफवाय-एसवायच्या बॅचेस घेतल्या, आता रिटायर आहे. मेजर बदलू नकोस. आणि ९.८ तर अजिबात लिहू नकोस, कारण तुझा १०.८ हा अतिशय चांगला आकडा आहे. थट्टा नाही करत.

तू रीडिंग पण दिलं आहेस म्हणून बरं झालं. लांबी १०० सेमी, २० ऑसिलेशनला (झोक्यांना) ३८.२ सेकंद. आता आपल्याकडे महाराष्ट्रात एक मीटरच्या पेंडुलमचा पिरियड, म्हणजे एका पूर्ण झोक्याचा वेळ, साधारण २.०१ सेकंद येतो, म्हणजे २० ला ४० सेकंदांच्या थोडं वर यायला पाहिजे. तुझे दोन सेकंद कमी. दोन सेकंद म्हणजे बरोब्बर एक ऑसिलेशन. तू काय केलंस सांगू, गोळा सोडला, मधल्या रेषेवरून जाताना स्टॉपवॉच चालू केलं आणि त्याच क्षणी तोंडाने "एक" म्हणालीस. तिथे "शून्य" म्हणायचं असतं. एक म्हणून सुरू केलं आणि वीसला थांबवलं की प्रत्यक्षात एकोणीसच झालेली असतात, पिरियड ५ टक्क्यांनी कमी येतो, आणि 'जी'च्या सूत्रात पिरियडचा वर्ग खाली असल्यामुळे उत्तर जवळजवळ ११ टक्क्यांनी फुगतं. ९.७९ चं १०.८ होतं. माझ्याकडे दर वर्षी जून-जुलैत प्रत्येक बॅचमधे दोन-तीन जण तरी हा १०.८ घेऊन यायचे, मी जर्नल न बघता सांगायचो की एकपासून मोजलंस ना, आणि पोरांना वाटायचं सरांना काहीतरी विद्या येते.

आता यातली गंमत बघ. तुझा टी-स्क्वेअर विरुद्ध एल चा (पिरियडचा वर्ग विरुद्ध लांबी) ग्राफ छान सरळ आला असणार, शून्यातून जाणारा. कारण प्रत्येक लांबीला तू तीच चूक केलीस, सगळे पिरियड एकाच प्रमाणात कमी झाले. तीन-तीनदा रीडिंग घेऊन ॲव्हरेज काढलं असशील तरी काही फरक पडला नसेल. चुकीचे हे दोन प्रकार पहिल्याच प्रॅक्टिकलला डोक्यात बसले तर अर्धं वर्ष सोपं जातं: एक चूक अशी की जी कधी वर कधी खाली जाते, स्टॉपवॉच दाबायला हात थोडा मागे-पुढे होतो तशी, ती पुन्हा पुन्हा मोजल्याने कमी होते, आणि दुसरी अशी की जी प्रत्येक वेळी एकाच बाजूला ओढते, तिला शंभरदा मोजलं तरी ढिम्म फरक पडत नाही, ती शोधूनच काढावी लागते. मोठमोठ्या लोकांचीही यातून सुटका नाही. मिलिकन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१३ मधे तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा चार्ज काढला, तो माणूस भयंकर काटेकोर, तरी त्याचा आकडा आजच्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्तच कमी होता, कारण त्याने हवेच्या व्हिस्कॉसिटीची (चिकटपणाची) जी किंमत वापरली तीच जरा चुकीची होती. थेंब कितीही मोजले असते तरी ते सुधारलं नसतं.

याच्या उलट समज तू लांबी मोजताना गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता वरच्या हुकपर्यंतच मोजलीस, म्हणजे प्रत्येक लांबी समज दीड सेमीने कमी. तेव्हा ग्राफ सरळच येईल पण शून्यातून जाणार नाही, बाजूला सरकेल. स्लोप (रेषेचा चढ) मात्र तोच राहील, म्हणजे 'जी' बरोबर येईल! म्हणून मॅडम ग्राफ काढायला लावतात. पोरांना वाटतं ग्राफ म्हणजे सजावट, सूत्रात आकडे टाकून उत्तर आलंय की, मग हे कशाला. पण सूत्रात एकेक आकडा टाकला असता तर ही दीड सेमीची चूक थेट उत्तरात शिरली असती, ग्राफने ती बाजूला काढून दाखवली. आणि हो, स्लोप काढताना आपल्या रीडिंगमधले दोन पॉइंट घ्यायचे नाहीत, काढलेल्या रेषेवरचे दोन लांबलांबचे पॉइंट घ्यायचे. नाहीतर रेषा काढून उपयोग काय.

पुस्तकात ९८१ असतं (मीटरऐवजी सेंटिमीटरमधे, म्हणजे आपलं ९.८१च) त्याचंही सांगून टाकतो. ९८१ हा लंडन-पॅरिसकडचा आकडा आहे. 'जी' सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्ताकडे कमी होतो, मुंबईला ९७८.६ च्या आसपास आणि पुण्याला उंचीमुळे आणखी किंचित कमी. हे माणसाला कळलंसुद्धा पेंडुलमवरूनच, १६७२ मधे ज्याँ रिशेर नावाचा फ्रेंच माणूस घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, तिथे ते पॅरिसला नीट चालणारं घड्याळ दिवसाला दोन-अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. तेव्हा जर्नलमधे कोणी नेमका ९८१.० लिहून आणला की मला लगेच संशय यायचा, की हा लंडनला जाऊन आला का.

आता कुक करण्याबद्दल, म्हणजे रीडिंग मनाने बनवून लिहिण्याबद्दल. बॅचमधल्यांना दोष देत नाही, सगळीकडे चालतं, बारावीला प्रॅक्टिकलला तीस मार्क असतात आणि ज्याने स्क्रू गेज हातात धरला नाही त्यालाही तीसपैकी अठ्ठावीस पडतात, मग पोरांना वाटणारच की प्रॅक्टिकल म्हणजे लिहायची गोष्ट आहे, करायची नाही. मी स्वतः एफवायला असताना केलंय. स्पेक्ट्रोमीटरचं प्रॅक्टिकल बुडालं होतं, मित्राच्या जर्नलवरून थोडे आकडे इकडेतिकडे करून रीडिंग तयार केली आणि एका ठिकाणी बिनधास्त लिहिलं, ४३ डिग्री ७५ मिनिटं. आता डिग्रीत मिनिटंच साठ असतात! सरांनी काही न बोलता त्याच्याभोवती लाल पेनने गोल केला आणि शेजारी लिहिलं "घड्याळ कुठल्या कंपनीचं?" अख्ख्या बॅचसमोर वाचून दाखवलं. चाळीस वर्षं झाली, अजून आठवलं की कानशिलं गरम होतात.

आणि बनवलेली रीडिंग ओळखायला येतात ग. माणूस मनाने आकडे लिहायला लागला की शेवटचा आकडा शून्य किंवा पाच जास्त येतो, किंवा तो मुद्दाम टाळून तीन-सात जास्त येतात. तीनही ट्रायल अगदी सारख्या. ग्राफवरचा प्रत्येक पॉइंट रेषेच्या पोटात. खऱ्या रीडिंगला थोडा अस्ताव्यस्तपणा असतो, कुठेतरी खाडाखोड असते, एखादा पॉइंट रुसून लांब बसलेला असतो. परीक्षेला एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) आला की तो पण हेच बघतो. त्याला 'जी' किती असतो हे माहिती आहे, तुझ्याकडून ऐकायची गरज नाही, तुला तुझ्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे कळतं का तेवढं त्याला बघायचंय.

तो भरवसा कसा काढायचा तेही सोपंय. तुझ्याच पेंडुलमवर बघ. हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची तरी गफलत धर. ४० सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. वर्ग आहे म्हणून दुप्पट, एक टक्का. लांबी मीटर पट्टीने मोजलीस, १०० सेमीत एक मिलीमीटर, म्हणजे ०.१ टक्का, सोडून दे. म्हणजे 'जी'त साधारण एक टक्क्याची चूक आपसूक धरलेली आहे. कमी करायची असेल तर पट्टीवर डोळे फोडत बसून उपयोग नाही, २० ऐवजी ५० ऑसिलेशन मोज, तीच ०.२ आता १०० सेकंदांत वाटली जाते. आणि गोळा खूप लांब ओढून सोडू नकोस, १० डिग्रीला पिरियड फक्त ०.२ टक्के वाढतो पण ३० डिग्रीला १.७ टक्के, म्हणजे 'जी' साडेतीन टक्के कमी.

हा हिशोब, म्हणजे सूत्रात कशाचा घात किती आहे ते आधी बघायचं आणि मग मेहनत कुठे करायची ते ठरवायचं, हा मी एफवायच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवशी विसरायचे. बीम बेंडिंगवरून (पट्टी वजनाने किती वाकते त्यावरून) यंग्ज मॉड्युलस, म्हणजे धातूचा ताठपणा, काढायचं प्रॅक्टिकल येईल तुला. त्यात जाडीचा घन आहे. पट्टी समज ६ मिलीमीटर जाड, व्हर्नियरने मोजलीस तर लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०१ सेमी, म्हणजे १.७ टक्के, घन म्हणून तिप्पट, ५ टक्के गेले पाण्यात. तीच जाडी स्क्रू गेजने ०.००१ सेमीपर्यंत मोजली तर अर्धा टक्का. पण मी काय बघायचो, पोरं ८० सेमी लांबी तीन-तीनदा मोजतायत आणि जाडी एकदाच, एकाच ठिकाणी, घाईघाईत. पट्टी सगळीकडे सारखी जाड नसते रे बाबांनो, पाच-सहा ठिकाणी मोजा. कॅपिलरीतून पाणी सोडून व्हिस्कॉसिटी काढायचं प्रॅक्टिकल तर याच्याही पुढे, तिथे त्रिज्येचा चौथा घात.

उपकरणांचं थोडं सांगतो, कारण बारावीला हातात घेतली नसतील तर सुरुवातीला हात थरथरतो आणि ते साहजिक आहे. स्क्रू गेज टोकाच्या छोट्या बटणाने, रॅचेटनेच फिरवायचा, टकटक आवाज आला की थांबायचं, मुठीने आवळायचा नाही. झीरो एरर आधी बघायची, नंतर आठवून लिहायची नाही. प्लस-मायनसचा घोळ होतो सगळ्यांचा, त्यावर माझा उपाय असा की पाठ करूच नकोस, तोंडाने म्हण: "मधे काहीच नाही तरी हा ०.०३ दाखवतोय, म्हणजे हा जास्त दाखवणारा आहे, तर वजा." वजनकाट्यावर रिकाम्या डब्याचं वजन वजा करतो किराणावाला, तेच आहे हे. स्पेक्ट्रोमीटरला मेन स्केलवर अर्ध्या डिग्रीच्या रेघा असतात, ती अर्धी डिग्री सोडून व्हर्नियर वाचला की उत्तरात ३० मिनिटांचा फरक पडतो, व्हर्नियरच्या दोन्ही खिडक्यांची रीडिंग घेतलीस तर दोघींमधे १८० चा फरक यायला पाहिजे, नाही आला तर तिथेच कळेल. टेलिस्कोप आधी खिडकीबाहेर लांबच्या झाडावर फोकस करायची, आणि एकदा केली की मग तिला हात लावायचा नाही, शेजारचा पार्टनर येऊन उगाच फिरवून जातो त्याच्यावर लक्ष ठेव.

इलेक्ट्रिकलची प्रॅक्टिकल (डायोड, झेनर, एलसीआर वगैरे) तशी सरळ असतात, तिथे निम्मा वेळ आतून तुटलेली वायर शोधण्यात जातो. मल्टीमीटरने आधी सगळ्या वायरी तपासून घे, पॉवर सप्लायचा नॉब शून्यावर ठेवून चालू कर, झालं.

माझं सगळ्यात आवडतं प्रॅक्टिकल न्यूटन्स रिंग्ज, सपाट काचेवर फुगीर लेन्स ठेवली की प्रकाशाच्या काळ्या-पिवळ्या रिंगा दिसतात ते. अभ्यासक्रमाप्रमाणे एफवायला येईल नाहीतर एसवायला. डार्करूममधे सोडियम लॅम्प चालू केला की आधी लालसर गुलाबी दिसतो, आतल्या निऑनमुळे, मग पाच-दहा मिनिटांनी हळूहळू पिवळा होत जातो, तोपर्यंत रीडिंग घ्यायची घाई नको. मायक्रोस्कोपमधे बघून फोकस करता करता एकदम त्या गोल गोल रिंगा दिसायला लागतात तेव्हा पोरांच्या तोंडून आपोआप "आयला" निघतं, मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायचो. इथे मुख्य पथ्य एकच, ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप एकाच दिशेने न्यायचा. डावीकडे विसाव्या रिंगेच्याही थोडं पलीकडे जायचं, तिथून परत फिरून विसाव्यापासून रीडिंग चालू करायचं आणि मधून पार उजवीकडे विसाव्यापर्यंत. मधेच एक रिंग चुकली म्हणून मागे फिरवलं की संपलं, स्क्रूच्या आट्यांमधे ढिलेपणा असतो, हात फिरतो पण मायक्रोस्कोप सरकत नाही, त्यालाच बॅकलॅश म्हणतात. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. कंटाळा येतो, पण इलाज नाही.

आणि आता तुझ्या १०.८ शी जोडून बघ. न्यूटन्स रिंग्जमधे मधला काळा डाग पसरट असतो, पहिली रिंग नक्की कुठली यावर पार्टनर-पार्टनरची भांडणं होतात. आणि इथे एकने मोजायला चुकलं तरी चालतं! कारण इथे व्यासाचा वर्ग विरुद्ध रिंगेचा नंबर असा ग्राफ असतो आणि आपल्याला फक्त स्लोप पाहिजे, नंबर सगळे एकने सरकले तर रेषा सरकते, कललेली तेवढीच राहते. लेन्सच्या गोलाईची त्रिज्या १०० सेमी असेल तर प्रत्येक रिंगेमागे व्यासाचा वर्ग साधारण ०.०२३६ चौरस सेमीने वाढतो, पहिली कुठलीही धरा. पेंडुलममधे एकने चुकलीस तर ११ टक्क्यांचा फटका, इथे एकने चुकलीस तर काहीच नाही. दोन्हीकडे मोजणीतलीच चूक. हा फरक का पडला हे तुला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर व्हायवाची (तोंडी परीक्षेची) काळजी सोड.

व्हायवावरून आठवलं, भाषेचं. तू विचारलंस नाही पण दहावीपर्यंत मराठी लिहिलंयस म्हणजे मनात असणारच. दहावीपर्यंत संवेग, पृष्ठताण, लंबक म्हणत आलेली पोरं मोमेंटम, सरफेस टेन्शन ऐकून आधी दचकतात आणि मग गप्प बसतात. गप्प बसणं वाईट. मराठी-इंग्रजी मिसळून बोल, "सर, इथे पॅरलॅक्स (तिरकं बघितल्याने येणारा फरक) काढला नाही तर खालचं-वरचं वाचलं जातं" असं म्हणालीस तरी समोरच्याला कळतं, मी तरी त्यासाठी कधी मार्क कापले नाहीत. उलट गाइडमधलं इंग्रजी वाक्य घडाघडा म्हणणाऱ्याला मी मुद्दाम विचारायचो की म्हणजे काय, आणि मग शांतता.

जर्नलबद्दल एकच नियम पाळ, रीडिंग पेनने, थेट टेबलात, तिथल्या तिथे. कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने लिहून घरी जाऊन फेअर करायची सवय लागली की कुक करायला दार उघडं. आणि लॅब सोडायच्या आधी एक तरी गणित करून बघ, ग्राफचे दोन-चार पॉइंट टाकून बघ, कारण उपकरण अजून समोर मांडलेलं असतं तेव्हा चूक दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात आणि घरी गेल्यावर कळली तर आठवडा. एनईपीत (नव्या शैक्षणिक धोरणात) प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरलेत, ऐकायला खूप वाटतात, पण आठवड्याला दोन तासच होतात, त्यात सेटअप, हजेरी, लाइट जाणं सगळं आलं. म्हणून प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं बसून फक्त सूत्र आणि टेबलाचे रकाने आखून ठेव. थिअरी त्या वेळी शिकवून झालेली नसेलच, फ्लायव्हील आधी येतं आणि मोमेंट ऑफ इनर्शिया वर्गात महिन्याने, हे असंच चालतं, आपण आपलं आधी वाचायचं.

आणखी एक, लॅबमधे जे असिस्टंट काका असतात त्यांच्याशी नीट वाग. कुठल्या स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू फिरत नाही, कुठला स्टॉपवॉच अडकतो हे सरांपेक्षा त्यांना जास्त माहिती असतं. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मला त्यांनीच शिकवलंय.

आता काय करायचं. आज संध्याकाळी घरी दोरा आणि एक जड नट घे, दाराच्या चौकटीला एक मीटरचा पेंडुलम बांध आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून "तीन, दोन, एक, शून्य" अशी उलटी मोजणी करत सुरू करायची प्रॅक्टिस कर, शून्याला बटण. दहा-पंधरा वेळा केलंस की जिभेला वळण लागेल. मोबाइलमधे फिफॉक्स नावाचं फुकट ॲप पण टाकून बघ, जर्मनीतल्या आखेनच्या युनिव्हर्सिटीने केलंय, मोबाइललाच पेंडुलम करून लटकवता येतं, पडणार नाही असा बांध तेवढं. मग मॅडमकडे जा, त्यांना सांग की मी एकपासून मोजत होते, परत करायचंय, लॅब मोकळी असेल तेव्हा बसू का. नाही म्हणणारी मॅडम मी तरी पाहिली नाही. जर्नलमधली ३८.२ ची ओळ व्हाइटनरने पुसू नकोस, त्यावर एक सरळ रेघ मार, बाजूला "मोजणी एकपासून सुरू केली" एवढं लिही आणि खाली नवं टेबल आख. नवा आकडा ९६९ ते ९८८ च्या मधे कुठेही आला तरी आहे तसा लिहून सही घे. काय आला ते मला कळव.